नर्मदाबाईंची नापास भाकर

पाथरीच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या नर्मदाबाई. तोंडाने फटकळ, पण त्यांचा एक नेम होता. शनिवारी जेवणं झाली की पदर खोचून त्या पोरींच्या मधोमध बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला. माझं काय चुकलं?" मग पोरी सुटायच्या. वरण पाणचट, तिखट लय. नर्मदाबाई फणकारायच्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी वरण दाट व्हायचं.

गप्प असायची ती एकटी कस्तुरा. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत तिच्या वस्तीतली घरं जाळली, त्यात तिचंही गेलं. आईबाप तेव्हापासून ऊसतोडीच्या टोळीबरोबर हिंडत होते. दोन वर्षं झाली, तरी पोर ताटात पडेल ते मुकाट खायची. नर्मदाबाईंना त्याचाच घोर होता.

अशात जिल्ह्याहून तपासणी येणार असं कळलं. मान्यता गेली तर वसतिगृह बंद, आणि कस्तुराला जायला घर नव्हतं. सेक्रेटरी किशनरावांनी भिंतींना चुना लावला, सतरंज्या उसन्या आणल्या, पोरींकडून घोकून घेतलं, "सगळं चांगलं हाय." नर्मदाबाईंनाही बजावलं, "बाई, उद्या तपासणी, आन् उद्याच शनिवार हाय. तुमचा दरबार उद्या नको." नर्मदाबाईंनी मान हलवली. वसतिगृहच बुडालं तर आपला ताठा काय चाटायचाय?

तपासणीच्या बाई पंगतीतच जेवल्या. "कसं चाललंय?" म्हणाल्या. "सगळं चांगलं हाय," पोरी एका सुरात ओरडल्या. बाईंच्या कपाळाला आठी पडली. जेवणं संपली, पण एकही पोर उठेना. सगळ्या नर्मदाबाईंकडे बघत बसल्या. नर्मदाबाईंना ते बघवेना. वर्षभर खरं बोला म्हणायचं आणि पाहुणे आले की तोंड शिवायचं? त्यांनी पदर खोचला.

"हं, बोला. माझं काय चुकलं?"

किशनराव खाकरले, पण तोवर पोरी सुटल्या होत्या. न्हाणीच्या दाराला कडी न्हाई. कंदील लवकर विझवता. किशनरावांचा सदरा घामाने भिजला. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "भाकर कच्ची हाय. मधी पीठ लागायलंय." कस्तुरा होती, आणि तिने मान खाली घातली नव्हती.

नर्मदाबाईंनी तिच्या ताटातला तुकडा मोडून खाल्ला. "हाय खरी कच्ची," त्या म्हणाल्या. डोळे चुलीच्या धुराने चुरचुरले म्हणावं तर चूल केव्हाच विझली होती.

तपासणीच्या बाई किशनरावांना म्हणाल्या, "इतर ठिकाणी पोरी स्वयंपाकिणीच्या तोंडाकडे बघून बोलतात. इथं तिच्या तोंडावर बोलतात. मान्यता राहील. कडी मात्र आधी बसवा."

पुढे किशनराव गावभर सांगत फिरले की चुन्याने काम केलं. नर्मदाबाईंनी त्यांना कधी खोडून काढलं नाही. बाजारात कुणी तपासणीचं विचारलं, की त्या पिशवी खाली ठेवून ऐटीत सांगायच्या, "आमच्या कस्तुरानं माझी भाकर नापास केली. सगळ्यांसमोर."