पेणचा गणपती रोह्याहून

माझी मानसिकता बळकट करायचं काम माझ्या मेहुण्याने हाती घेतलं, तेव्हा ती तशी बरी होती.

मेहुणा, म्हणजे प्रदीप, रोह्याला राहतो आणि तिथेच एका कंपनीत शिफ्ट करतो. कंपनीने त्याला कसल्याशा शिबिराला पाठवलं. गेला तेव्हा सुपरवायझर होता, परत आला तो मार्गदर्शक होऊन. (मी पेणमध्ये वाचनालय सांभाळतो. मनोबल वाढवणारी पुस्तकं आमच्याकडून सगळ्यांत जास्त जातात आणि पहिल्या वीस पानांपुढे कोरी करकरीत परत येतात. हे त्याला वेळीच सांगायला हवं होतं.) श्रावणातल्या एका रविवारी तो आमच्याकडे आला आणि त्याने मला, बायकोला आणि आईला गोल करून बसवलं. तीन माणसांचा गोल होत नाही, हे कुणीच बोललं नाही.

बळकट मनाला तीन गोष्टी लागतात म्हणे: मोकळा संवाद, सर्जनशीलता आणि आत्मचिंतन. संवादापासून सुरुवात झाली. बायकोने तो साधला. बराच वेळ चालला आणि सगळा माझ्याविषयी होता. समारोप असा: "यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने एक वस्तू केलेली नाही. बल्ब बदलायलासुद्धा शेजारचे तात्या येतात."

प्रदीपचा चेहरा उजळला. "भावजी, हीच संधी. बोला, काय निर्माण करणार?"

"यंदाचा घरचा गणपती मी करणार," मी म्हणालो.

आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात मूर्तींचा कारखाना आहे. इथे असं जाहीर करणं म्हणजे आचाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून 'भात मी लावतो' म्हणण्यासारखं! आई एवढंच म्हणाली, "पण पाट तात्याकडं गेलाय." श्रावणात प्रत्येक घर आपला पाट कारखान्यात पोचवतं आणि चतुर्थीला मूर्ती त्याच पाटावरून घरी येते. आमचा पाट वडिलांपासून तात्यांकडेच जातो. आईला पेंगुळलेला उंदीर आवडत नाही, म्हणून आमच्या गणपतीचा उंदीर ते मुद्दाम मान वर करून बघणारा करतात.

"कर बाबा," आई म्हणाली. "पण चतुर्थीला पाटावर गणपती दिसला पाहिजे. नाय दिसला, तर पाटावर तू बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या कारखान्यात जाऊन पाट परत मागितला. तात्यांच्या हातातला ब्रश थांबला. दिलेला पाट माणूस एकाच कारणाने परत नेतो: घरात सुतक आलं तर. हे मला ठाऊक होतं, पण त्या सकाळी मी सर्जनशील होतो.

"कोण गेलं?" तात्यांनी हळूच विचारलं.

आता, प्रदीपने शिकवलं होतं की कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. थांबावं, डोळे मिटावे, दीर्घ श्वास घ्यावा, आत पाहावं. मी थांबलो. डोळे मिटले.

"वैनी?" तात्या माझ्या आईला वैनी म्हणतात.

मी अजून आतच होतो. बाहेर आलो तेव्हा तात्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि पाट पुसून तयार होता. माझ्या सर्जनशीलतेचं त्यांनी इतक्या मायेने स्वागत करावं, याने मी भारावलो. येताना शाडूची माती घेऊन आलो.

तासाभरात तात्या, त्यांच्यामागे अर्धी गल्ली, असे सगळे डोळे पुसत दाराशी उभे. आई ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसली होती. गुडघ्यांमुळे ती आठवडाभर बाहेर पडली नव्हती, त्यामुळे संशयाला जागाही होती.

"काय रे तात्या," आईने विचारलं, "कोण गेलं?"

तात्या मटकन खाली बसले. "तुम्ही."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग वालांकडे. "आता आलाच हायस, तर चहा घेऊन जा."

तात्यांनी चहा घेतला, पण माझ्याशी बोलणं सोडलं. चारचौघांत रडलेला माणूस तो, त्याचा राग रास्त होता.

इकडे माझी निर्मिती सुरू झाली. सोंड पहिल्या दिवशी डावी होती, दुसऱ्या दिवशी उजवी झाली, तिसऱ्या दिवशी जमिनीवर. चेहरा मात्र हळूहळू प्रदीपसारखा दिसायला लागला. फोटो पाठवल्यावर प्रदीपने कळवलं की हे अपयश नाही, हा प्रवास आहे. आईने विचारलं, "चतुर्थीपर्यंत पोचतोय का हा प्रवास?"

चतुर्थीला दोन दिवस उरले तेव्हा मी हार मानून माती पुन्हा भिजत टाकली आणि तयार मूर्तीसाठी पेणभर फिरलो. मूर्ती सगळीकडे होत्या, पण "तात्याचं गिऱ्हाईक आमी नाय घेत," असं सगळ्यांनी नम्रपणे सांगितलं. शेवटी पाट घेऊन एसटीने रोह्याला गेलो. तिथल्या दुकानात माझ्या पाटाच्या मापाची एकच मूर्ती उरली होती. उंदीर जरा ओळखीचा वाटला, पण मी घाईत होतो.

परतीच्या गाडीत मांडीवर गणपती. कंडक्टरने तिकीट दिलं आणि विचारलं, "काका, पेणहून आणला का?"

"पेणला नेतोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दिलेलं तिकीट परत घेऊन पुन्हा वाचलं.

गल्लीच्या तोंडाशीच तात्या उभे होते. त्यांनी मूर्तीवरचा रुमाल सारला, उंदराकडे पाहिलं, उंदराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचाच हाय हा," तात्या म्हणाले. "पाट नेलास म्हणून रोह्याच्या गाडीत चढवला. उगाच फिरवून आणलास देवाला." मग पाटाची दुसरी बाजू त्यांनी धरली आणि आम्ही दोघांनी मूर्ती घरात नेली. आई आरतीचं ताट घेऊन दारात उभीच होती.

निघताना तात्यांनी विचारलं, "मग, पुढल्या वर्षी पाट येणार ना?"

सवयीने मी थांबलो. डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला.

"आता कोण गेलं?" तात्या ओरडले.

तेव्हापासून कुणी काहीही विचारलं, तरी मी आत न पाहता ताबडतोब हो म्हणतो. माझी मानसिकता पुष्कळच सुधारली आहे, असं बायकोचं मत आहे. मी हो म्हणालो.