बाईंच्या नावाचं पत्र

कूलरमधल्या वाळ्याच्या ओल्या ताटीचा वास आला, की मले कोराडी कॉलनीतल्या एक बाई आठवतात. माझं कूलर दुरुस्तीचं दुकान. एका साली सुनेनं कॉम्प्युटरमधे पत्राचा साचा बसवला. गिऱ्हाइकाचं नाव आपोआप पडे, मजकूर सगळ्यांले एकच: उन्हाळा आला, कूलरची ताटी बदलवून घ्या. त्यात त्या बाईंच्या यजमानांच्या नावाचं पत्र निघालं. ते हिवाळ्यातच वारले होते. मी म्हटलं, "माझ्या दुकानाचं पत्र मेलेल्या माणसाच्या नावानं जाणार नाही." सून म्हणे, "बाबा, पाठवायच्या आधी बदलवता येते. सांगा, काय लिहू?" मले शब्द सापडेनात. दुकानात येरझारा घातल्या आणि शेवटी पत्र रोखलं. आठवड्यानं बाई स्वतः दारात उभ्या. "शेजारणीले पत्र आलं, मले काहून नाही गा भाऊ? माणूस गेला, म्हणून आमच्या घरचा उन्हाळाही गेला काय?" चूक झाली म्हणायची मले सवय नाही. सुनेले म्हटलं, "उघड ते पत्र." मजकूर तसाच राहू दिला, फक्त यजमानांच्या जागी बाईंचं नाव टाकायले लावलं. बाईंनी ते उभ्यानंच वाचलं आणि म्हणाल्या, "हं, आता या ताटी बदलाले." दरवर्षी पत्रं निघतात तेव्हा मी अजूनही सुनेच्या मागं उभा राहतो आणि ते एक नाव दिसेपर्यंत तिले उठू देत नाही.