लाउडस्पीकरवरची आई

दुपारी टीव्हीवर डॉक्टरांचा कार्यक्रम लागतो. कुणी मूळव्याध, गॅस, नाहीतर त्याहून नाजूक काही सांगायला लागलं की माझी सून रिमोट शोधते. "शी! लाज कशी वाटत नाही हो आई यांना?" रिमोट मी मांडीखाली घेऊन बसलेली असते. लाज वाटते गं बाई, चांगली वाटते. मला विचार, माझी आई टीव्हीवर जाऊन आली आहे.

लालबागच्या चाळीत आम्ही सगळे एका खोलीत राहायचो. संपात गिरणी गेली ती गेलीच. बाबा एका दुकानाबाहेर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले आणि आई पोळीभाजीचे डबे करायला लागली. त्या दिवसांत आमचं घर तिच्या हसण्यावर चाललं. ती हसली की खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीतून माना वर करायची. आणि गौरीची फुगडी घालावी तर तिनंच! समोरचीला चक्कर यायची, हिची आपली सुरूच.

धाकटा भाऊ झाला आणि हळूहळू ती हसेनाशी झाली. कुणी गंमत केली की तोंडाला पदर लावून मोरीकडे पळायची. एका गौरीला तर फुगडीला उठलीच नाही. "गुडघे धरलेत," म्हणाली. त्याच गुडघ्यांनी ती रोज नळावरून भरलेले हंडे जिन्यानं वर आणत होती. पुढच्या गौरीलाही तेच. मला तिचा भयंकर राग यायचा. न हसणारी आई घेऊन आम्ही करायचं काय?

मग चाळीत केबल आली. नायगावला माझी मावशी राहायची. तिच्या महिला मंडळाच्या बायकांना एका डॉक्टरी कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून बोलावलं होतं. मावशीनं आईलाही ओढून नेलं. ठेवणीतली साडी नेसून गेलेली आई संध्याकाळी परतली आणि एक अक्षर न बोलता पोळ्या लाटायला बसली. बाबांना मात्र कोण अभिमान! "आमची ही टीव्हीवर दिसणार," असं त्यांनी नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत सांगून टाकलं.

कार्यक्रम लागायचा होता नेमका गौरीच्या दिवशी. गणपती मंडळाच्या पोरांनी टीव्ही थेट मंडपात आणून ठेवला आणि आवाज लाउडस्पीकरला जोडला. "नको रे, एवढं काय त्यात," असं आई दोन-तीनदा म्हणाली. पोरांना वाटलं, काकू लाजतेय. आईला वाटलं, आपलं बोलणं काय दाखवणार, कापतीलच.

कापलं नाही. पडद्यावर आई उभी राहिली, हातात माईक धरून. अख्ख्या गल्लीत तिचा आवाज घुमला.

"डॉक्टर, मी हसले की मला लघवी होते. शिंकले तरी होते. म्हणून मी हसायचंच सोडलंय."

समोरच्या वडेवाल्याचा झारा हवेतच राहिला. बाबा धावत जाऊन टीव्हीसमोर हात पसरून उभे राहिले. चित्र झाकलं, पण आवाज कसा झाकणार? तो मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून येत होता. आई बांबूला धरून उभी होती, डोळे भरलेले. मला वाटलं, संपलं. आता हसणं राहू दे, ही चाळीत मान वर करून चालायचीही नाही.

तेवढ्यात मागून आमच्या मजल्यावरच्या मालवणी आजी कडाडल्या, "बाजूक हो रे मेल्या! डाक्टर काय सांगता ता आयकूक दी!"

बाबा निमूट बाजूला झाले. मागच्या बायका पुढे सरकल्या. डॉक्टर सांगत होते, की बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, उपचार आहेत. मग त्यांनी व्यायाम सांगितला. लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, थोडं थांबायचं, सोडायचं.

"अय्या!" शेजारच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "संडासच्या लायनीत उभं राहून आम्ही जन्मभर दुसरं करतोय काय?"

सगळा मंडप खो-खो हसला. आधी आई नुसती बघत राहिली, मग तीही हसली, पूर्वीसारखी, मोठ्यानं. आणि हसता हसता घराकडे पळाली. तिच्या मागोमाग आणखी चौघी-पाचजणी पळाल्या.

पुढे आई इस्पितळात जाऊन आली, सोबतीला शेजारच्या काकू होत्याच, स्वतःचंही दाखवून घ्यायला. दुपारी गॅलरीत तांदूळ निवडताना आजी मधेच हुकूम सोडायच्या, "आवळा गो!" आणि सगळ्या एकदम गंभीर व्हायच्या.

पुढच्या गौरीला आईच्या केसांत गजरा माळताना मी विचारलं, "आम्हाला नाही सांगितलंस, आणि टीव्हीवर कसं सांगितलंस गं?"

"कुठं सांगणार? खोलीत तुम्ही सगळे, गॅलरीत शेजारी. इथं कुजबुजलं तरी भिंतीपलीकडून उत्तर येतं. तिथं त्या मुलीनं माईक दिला, म्हणाली, 'बोला ताई.' आणि सगळा हॉल गप्प बसला. माझं बोलून होईपर्यंत कुणी मधे तोंड घातलं नाही. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं बघ."

तिनं पदर कमरेला खोचला आणि मला हातानं बाजूला केलं. त्या संध्याकाळी फुगडीत तिच्यासमोरच्या तिघींना चक्कर आली.