गेज ग्लास आणि कोल्हारच्या पोरी

“बॉल अजून हवेत हाय, अण्णा.” असं मला म्हणून तो उजवा पंजा कपाळावर आडवा धरायचा आणि बॉयलर हाऊसच्या पत्र्याकडे असा बघायचा, जणू खरंच वरून काहीतरी येतंय. पंप कुरकुरला, वाफ उतरली, साहेब तापले, तरी त्याचं हेच, म्हणजे अजून काही हातचं गेलं नाही. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याच्यामुळे पाळी लवकर संपते.

हा माणूस परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नुसतं गोड गोड लिहीत बसेन.

आमच्या साखर कारखान्यात तो फायरमन होता, मी त्याच पाळीचा बॉयलर अटेंडंट. अटेंडंट व्हायचं तर सरकारी परीक्षा देऊन लायसन काढावं लागतं. लेखी, मग परीक्षकासमोर तोंडी. आमच्याकडे एक जागा रिकामी होणार होती आणि ती आपलीच, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं.

त्याचं दुसरं वेड म्हणजे कोल्हारच्या मुलींचा बेसबॉल संघ. नात्यातलं कुणी संघात नव्हतं. एकदा रस्त्यानं जाताना मैदानाशी थांबला आणि तिथलाच झाला. सामना संगमनेरला असो की नगरला, सुट्टी टाकून हा हजर. आवाज असा, की पोरी म्हणायच्या, “मामा, जरा दमानं! अंपायरचं ऐकूच येत नाही.”

अभ्यासही तो बेसबॉलवरच करायचा. डबा उघडला की सुरू. “फीड पंप म्हंजी आपली पिचर. पानी फेकीत ऱ्हायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह कॅचर. कुनाकडून काय बी सुटू द्या, मागं ती हाय.”

“आन् गेज ग्लास?” मी विचारलं. बॉयलरमध्ये पाणी किती, ते दाखवणारी ही काचेची नळी.

“ती अंपायर. ती खोटं बोलली की समदा खेळ खलास.”

त्याच नळीपाशी मी घोळ केला. नळी खरं दाखवतेय का, हे तपासताना वाफेची वाट आणि पाण्याची वाट आळीपाळीनं बंद करून वेगवेगळी बघायची असते. माझं लायसन जुनं, मलाही हे एकेकाळी पाठ होतं. पण पुढं मी नुसता नळीखालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडायचो, पाणी भसकन गेलं आणि परत चढलं की झालं. त्यालाही तेच शिकवलं. “पुस्तकात उगं लांबण लावलीया. परीक्षक बी समजून घेत्यात.”

परीक्षकांनी घेतलं नाही.

तो परत आल्यावर मी बाजूला घेऊन विचारलं. “गेज ग्लास कशी तपासता, सांगा म्हनले. तुमी करता तसं सांगितलं,” एवढंच म्हणाला.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तो संगमनेरला सामन्याला गेला होता, हे सगळ्यांना माहीत. चहाच्या वेळी पाळी त्याच्यावर तुटून पडली.

“लायसन काय मैदानावर वाटत्यात का रं?”

“पेपरात स्कोर लिवून आला आसंल!”

सगळे हसले. मीही हसलो. आणि वर म्हणालो, “मी सांगत हुतो, आधी अभ्यास, मग खेळ.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यानं पंजा कपाळावर धरला. “बॉल अजून हवेत हाय.”

रिकामी जागा दुसऱ्याला गेली. त्याचं मैदानावर जाणं थांबलं. एकदा बाजारात संघातल्या एका मुलीनं मला ओळखलं. “मामा का येत नाहीत आता? ओरडायला कुणीच नसतं.” “कामात असतो,” मी म्हणालो. हे आणखी एक खोटं.

तो मात्र खचला नाही. पाळी सुरू झाली की नळीपुढं उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, “वाफ बंद, पानी बघ. पानी बंद, वाफ बघ.” मला टोमणा म्हणून नव्हे, त्याचा आवाजच तसा. मीही गुपचूप तसंच करू लागलो. पुढच्या खेपेला तो झोकात पास झाला आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्यात अटेंडंट म्हणून निघालाही.

निरोपाला भेळ होती. पेपरावर ओतून आम्ही भोवती बसलो. कुणीतरी म्हणालंच, “बेसबॉल सोडला म्हनून पास झाला, बगा.” तो हसत भेळीतले शेंगदाणे वेचत होता.

मी उठून उभा राहिलो. “त्यो मॅचपायी नापास झालाच न्हाई. नळी तपासायची चुकीची रीत मी शिकवली हुती. तुमी हसला तवा मला ठावं हुतं, तरी मी बी हसलो.”

त्याचा पंजा कपाळाकडं निघाला होता. मी तो मध्येच धरला.

“आता ते ऱ्हाऊ दे. चुकलो मी. माफ कर गड्या, आन् ह्या रविवारी मैदानावर जा. पोरी वाट बघत्यात.”