शेवाळाला भूक कशाची?

दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायचं ज्याच्या ध्यानात राहत नाही आणि नाल्यातल्या शेवाळाला भूक कशाची आहे, या काळजीने ज्याला घास उतरत नाही, असा माणूस अख्ख्या भोपाळमध्ये एकच होता आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. म्हणजे क्वार्टरच्या वरच्या मजल्यावर. काका कारखान्याच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये केमिस्ट, माझे बाबा तिथेच फिटर. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, बीएस्सी. त्याचा मला गर्व होता आणि आहे. पण काकांनी दिले तेवढे धक्के मला परीक्षेनेही दिले नाहीत. पायजमा गुडघ्यावर खोचून ते मागच्या नाल्यात उतरायचे, दगडावरचं शेवाळ टूथब्रशने खरवडायचे आणि तोच ब्रश पेनाशेजारी खिशात अडकवून ड्यूटीवर जायचे. अवधपुरीत कुणाच्या वास्तुशांतीला गेलो, तर सगळे संगमरवर पाहत होते, हे गच्चीवरच्या टाकीत बोट बुडवून खाली आले आणि यजमानांना हिरवं बोट दाखवत म्हणाले, "टाकी छान जिवंत आहे हो तुमची!"

तो नाला दर थंडीत हिरवागार व्हायचा, वास मारायचा. कॉलनी कमिटीच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, "ढक दो इसको. स्लैब डालो, किस्सा खतम." काकांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला. मला म्हणाले, "बेटा, हिरवं आपोआप होत नाही. कुणीतरी खाऊ घालतंय. कोण, ते कमिटीच्या मीटिंगच्या आत दाखवलं नाही तर नाला गेला."

मग त्यांनी चहाचे कुल्हड आणले. काकी माहेरी अमरावतीला गेलेली, म्हणून तिच्याच कढईत जेली जमवायचं चायना ग्रास उकळलं. काही कुल्हडांत त्यात नायट्रेट घातलं, काहींत फॉस्फेट, काहींत दोन्ही, आणि काही साधेच ठेवले. तोंड बंद करून ते नाल्यात ठेवायचे. आतलं खत भाजक्या मातीतून पाझरतं, आणि ज्या कुल्हडाच्या अंगावर शेवाळ धरेल, त्यातलं खत त्याला कमी पडत होतं असं समजायचं. मांडणी झकास होती. फक्त घट्ट व्हायला ते त्यांनी फ्रीजमध्ये ठेवले आणि काकी एक दिवस आधी परतली.

भोपाळमधल्या मराठी बाईला फ्रीजमध्ये पांढरंशुभ्र, थलथलीत काही दिसलं की एकच गोष्ट आठवते. तिने वरून जायफळ किसलं, केशराची काडी ठेवली आणि हळदीकुंकवाला आम्हा सगळ्याजणींना खरवस म्हणून वाढलं.

"काकू, जरा खारट लागतोय हो," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"अगं, म्हशीचा असेल," काकी म्हणाली.

तेवढ्यात काका आले. माझा चमचा तोंडातच होता. माणूस आधी काय विचारेल? हे ओरडले, "नायट्रेट कुणी खाल्लं? फॉस्फेट कुणाकडे गेलं?" आम्ही सगळ्या मोरीकडे धावलो. मागून त्यांचा कळवळलेला आवाज आला, "चिमूटभरच होतं हो, काही होत नाही! पण साधा तरी उरलाय का?"

कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कढई मीच ढवळली, फ्रीजला कुलूप काकीने लावलं. नवे कुल्हड काही आठवडे नाल्यात राहिले, निम्मे कॉलनीच्या वर, निम्मे खाली.

मीटिंगमध्ये काकांनी ओले कुल्हड सरळ अध्यक्षांच्या टेबलावर मांडले. कॉलनीच्या वरच्या अंगाचे साधे कुल्हड कोरे होते, फॉस्फेटवाले तेवढे हिरवे. कॉलनीच्या खालचे मात्र साधेसुद्धा हिरवेकच्च! मी हादरलेच. "इथे शेवाळ उपाशी नाहीच," काका म्हणाले. "मागच्या रांगेतल्या मोऱ्या नाल्यात सुटतात, कपड्यांच्या साबणाचं पाणी तो पितो, त्यातच फॉस्फेट. पहिली मोरी माझीच आहे."

"अहो!" काकी किंचाळली.

"तो क्या कपड़े न धोएँ?" अध्यक्ष भडकले.

"धोइए साहब, पाइप सीवर में जोड़िए."

रविवारी बाबांनी पान्हा घेऊन आधी काकांचीच मोरी गटाराला जोडली, मग एकेक करत सगळी रांग. स्लॅब तहकूब झाला, तो अजून तहकूबच आहे.

निवृत्त होऊन काका नागपूरला मुलीकडे गेले. मी कोलार रोडला राहायला आले, तरी दर थंडीत त्या नाल्यात एक साधा कुल्हड ठेवून येते. त्यांचा फोन यायचा. मी कशी, मुलं कशी, काही नाही. "साधा कसा आहे?"

"कोरा आहे, काका."

"वा!" म्हणून फोन ठेवायचे.

काकांच्या माघारी यंदा फोन काकीचा आला. मी कशी, मुलं कशी, सगळं विचारून झालं. मग तिनेच विचारलं, "साधा कसा आहे गं?"