साखरीच्या वयाची कोरी जागा

त्या सकाळी मी तबेल्यातली लीद काढली, आमच्या साखरी घोडीला पाणी दाखवलं, अंगावरून खरारा फिरवला आणि मग तिला सरपणाच्या खोपीमागे नेऊन बांधलं. चिंचवड स्टेशनच्या टांगेवाल्यांकडे जनावरांचे सरकारी डॉक्टर येणार होते, घोड्यांना धनुर्वाताची लस टोचायला. म्हातारं जनावर त्यांच्या नजरेला पडू द्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. डॉक्टर दात बघून वय लिहितात, ते लायसनच्या कचेरीत जातं आणि टांगा बंद होतो, ही सगळ्यांची समजूत. माझे यजमानही तिला असंच लपवायचे. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. टांगा धाकटे दीर हाकत, आणि त्या एका घोडीवर मी आणि माझ्या दोन मुली जगत होतो.

डॉ. निगडे सायकलवरून उतरले. मी सांगितलं, “घोडी भाड्यानं देहूरोडला गेलीय.” तेवढ्यात साखरी खिंकाळली.

“वहिनी, तुमचं सरपण खिंकाळतंय,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

दीर पुढे झाले. “म्हातारी हाय ती, सायेब. तिला आता सुई कशाला? तरण्यांना टोचा की.”

“म्हाताऱ्यांनाच आधी टोचायची. वय झालं की आजाराशी झुंजायची ताकद कमी होते. आणि मागं कधी टोचली असेल, ती जन्मभर पुरत नाही.”

मी नको म्हणाले. डॉक्टरांनी बळजबरी केली नाही. त्यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती अशी, खोटं बोलून.

तेव्हा आमच्या भागात एकेक कारखाना उभा राहत होता. गेटाबाहेर मालाची लाकडी खोकी फोडत आणि खिळे रस्त्यावर पडत. चारच दिवसांत साखरी लंगडत घरी आली. खुरात बोटभर खिळा रुतला होता. मी तशीच चालत दवाखाना गाठला. डॉक्टर जेवायला बसले होते. डबा झाकून ते माझ्याबरोबर निघाले. त्यांनी खिळा उपसला, जखम धुतली, धनुर्वात होऊ नये म्हणून लगेच लागू पडणारं औषध टोचलं आणि लसही वेगळी टोचली. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाले, “पाय घट्ट धरा.”

“वाचेल ना?” मी विचारलं.

“तीन आठवडे नजर ठेवा. कान ताठरले, चावता येईना, जराशा आवाजानं अंग आखडायला लागलं, तर तडक निरोप धाडा.”

मग रोज उजाडताच मी मऊ भुशाचं घमेलं तिच्यापुढे ठेवून तिचा जबडा हलतो का ते बघत उभी राहायची. यजमानांचा चाबूक शेजारच्या खुंटीला तसाच होता. मी तिकडे बघायचं टाळायची. डॉक्टर एक दिवसाआड यायचे. एकदा माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाले, “घोडीचं झालं. तुमची सुई कधी?” पुढच्या खेपेला त्यांनी माणसांच्या दवाखान्याची चिठ्ठी आणली आणि मी जाऊन आले की नाही, हेही विचारलं. आमच्यासारख्यांच्या पायांची काळजी करणारा साहेब मी तोवर पाहिला नव्हता.

पुडीच्या कागदांवरून मी अक्षरं लावायला शिकले होते. हे कळल्यावर त्यांनी आपली वही माझ्या हातात दिली. “वाचा, तुमच्या घोडीचं काय लिहिलंय.” नाव होतं, रंग होता, लसीची तारीख होती. वयाची जागा कोरी होती.

“तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन,” ते म्हणाले. “ही वही लायसनच्या कचेरीत जात नाही. पुढं कुठल्या जनावराला जपायचं, ते मला कळावं म्हणून आहे.”

तीन आठवडे सरले, साखरी हरभरे कडाकडा फोडू लागली. महिना भरत आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “दुसरी सुई उद्या, स्टँडवर. चारचौघांत आणायची नसेल तर मी घरी येतो.”

साखरीनं पुढे चार वर्षं टांगा ओढला. दर वर्षी तिला लस मिळाली, आणि माझ्या मुली शिकल्या. आज डॉक्टरसाहेबांची साठी आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात जाणकार लोक त्यांच्या विद्येबद्दल लिहितील. मी एवढंच मागते, की त्यांना भरपूर आयुष्य मिळावं, गुडघे सायकल मारण्याइतके बळकट राहावेत, आणि इतरांना जपणाऱ्या या माणसानं आता स्वतःलाही जपावं.

त्यांनी घरी यायची तयारी दाखवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साखरीचा लगाम धरून तिला भर स्टँडवर नेलं, सगळ्या टांगेवाल्यांदेखत तिचं वय सतरा सांगितलं, आणि डॉक्टर ते लिहीपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले.