बुद्धमूर्ती, प्रकाशचा ट्रक आणि डावे चाक

प्रिय राहुल आणि सुजाता,

ठरल्याप्रमाणे बरोबर साडेसातला आम्ही बीड सोडले. ट्रकमध्ये मागे कडब्याच्या पेंढ्यांवर, गाद्यांत बांधलेली संगमरवरी बुद्धमूर्ती होती. पुढे प्रकाश आणि मी. प्रकाश म्हणजे तुमच्या आजोबांचा पुतण्या. आपल्या गावच्या नव्या विहारासाठी मूर्ती आणायची ठरली, तेव्हा बैठकीत त्याने एकच मागणे केले होते: "मूर्ती माझ्या अप्पाच्या ट्रकातूनच यावी." त्याच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर याच ट्रकातून दुसऱ्यांचा माल वाहिला. विहाराचा पाया त्यांनी पाहिला, कळस पाहायला ते राहिले नाहीत. गावाने लगेच हो म्हटले.

मांजरसुंब्याचा घाट चढताना काही जाणवले नाही, कारण मूर्तीच्या काळजीने प्रकाश बैलगाडीच्या चालीने चालला होता. वर दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी. कपिलधारच्या फाट्यावर दर्शनाला पायी निघालेली माणसे भेटली, त्यांच्याबरोबर चहा घेतला. पुढे मोकळा रस्ता लागला, प्रकाशने जरा वेग घेतला आणि त्याच्या हातात स्टेअरिंग थरथरू लागले. माझ्या मांडीवरचा भाकरीचा डबा खडखड वाजायला लागला. वेग कमी केला की थांबायचा.

"घाबरू नका, मोठी माय (थोरली काकू). सकाळीच नट आवळलाय."

"मग थरथरते कशाने?"

त्याने वेग कमी केला आणि पुढच्या गावात ट्रक कडेला घेतला.

चौसाळ्यात रस्त्याकडेलाच वहाबमामूंचे गॅरेज आहे. अप्पांचा ट्रक वर्षानुवर्षे त्यांच्याच हाताखाली. मामूंनी आधी पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यभागी तळहाताची मागची बाजू लावली आणि चटकन काढली.

"लई गरम हाय. बेअरिंगचा नट कोणी आवळला बे?"

"मीच. चाक हलत होतं."

"किती बारी?"

"दोनदा. काल एकदा, आज एकदा."

"पहिल्या बारीला हलायचं थांबलं?"

"न्हाई."

"मग दुसऱ्या बारीला कावून (का) आवळला? डोकं दुखतंय अन् पोटाला पट्टी बांधतोस."

मागच्या चाकांना दगड लावून मामूंनी डावे चाक जॅकवर उचलले, एक्सलखाली ओंडका सरकवला आणि नट सोडून बेताने पुन्हा बसवला. मग चाक वरून-खालून धरून हलवले. ते हललेच.

"म्याडम, वर बसून ब्रेक दाबता का? मी सांगेस्तोवर सोडू नका."

मी चप्पल काढली, ड्रायव्हरच्या जागेवर चढले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला. मामूंनी पुन्हा जोर लावला.

"अजून हलतंय," ते खालून म्हणाले. "इथं बोट ठेव, परकाश. कळलं?"

मला नंतर त्यांनी नीट समजावले. ब्रेक दाबला की चाक आतल्या भागाशी जखडले जाते, बेअरिंगचा सैलपणा मग दिसेनासा होतो. तरीही हलले, तर दोष ज्या उभ्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळते तिचा. तिला किंगपिन म्हणतात. ती आणि तिच्या भोवतीचे धातूच्या नळीसारखे बुश झिजले होते. प्रकाशच्या बोटाखाली तिथेच हालचाल लागत होती.

"दोन दिवसांचं काम हाय," मामू म्हणाले.

गावातून फोनावर फोन. विहारापुढे पांढऱ्या साड्या नेसून बायका केव्हाच्या उभ्या होत्या. "सातच किलोमीटर तर हाय, हळूहळू या की," पलीकडून कुणीतरी म्हणाले. मामू हात पुसत राहिले. वाटेत नाल्याचा उतार आहे आणि त्यावर असले चाक दगा देऊ शकते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते.

प्रकाशने फोन ठेवला. बॉनेटवर त्याने पहाटे स्वतः बांधलेली झेंडूची माळ सोडली आणि हातात धरून उभा राहिला. मग गावातल्या दामूला त्याचा पिकअप घेऊन बोलावले. सहा जणांनी मूर्ती हलवली. माळ प्रकाशने पिकअपला बांधली आणि मूर्तीला दोन्ही हातांनी धरून मागे बसला. मी पुढे.

वेशीवर एकाने टोमणा मारलाच. "काय परकाश, अप्पाचा ट्रक कुठाय?"

"चौसाळ्यात. चाक ढिलं हाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि मूर्तीच्या दोऱ्या सोडायला लागला.

मूर्तीला ओरखडाही आला नव्हता. बायकांनी फुले वाहिली, वंदना झाली. मी मात्र प्रकाशकडेच बघत होते.

चौथ्या दिवशी दुरुस्त झालेल्या अप्पांच्या ट्रकने प्रकाशबरोबर बीडला परतले. मुलांनो, तिकडे कुणी तुमच्या घरच्या माणसांबद्दल विचारले, तर माझ्या पदव्या सांगू नका. मूर्ती आपल्याच ट्रकातून यावी म्हणून आसुसलेल्या आणि ती स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या गाडीत ठेवणाऱ्या या काकाबद्दल सांगा. कपिलधारच्या फाट्याजवळ त्याने वेग घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी मांडीवरच्या डब्यावरून हात काढून घेतला. डबा वाजला नाही.

तुमची आजी